चाळिसावी टाचणी

माझ्या दुकानात टाचण्या चाळीस. सकाळी डबी उघडायची, संध्याकाळी मोजून बंद करायची. लहान मुलींचे कपडे शिवणाऱ्याने एवढं तरी पाळावंच. हा नियम मला कुणी शिकवला नाही, माझा मीच घालून घेतला होता. म्हणूनच तो मोडला तेव्हा बोट दाखवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नाही.

मी राजकन्येचे फ्रॉक शिवतो. आया मोबाईलवर चित्र घेऊन येतात. हा निळा, असाच घेर, अश्शीच बारीक कंबर. चित्रातल्या मुलीला कंबर नसतेच, नुसती रेघ असते. पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार. मी चार चुण्या जास्त घालून घेर फुगवतो, म्हणजे कंबर आपोआप बारीक दिसते.

कपडे चढवून बघायचा पुतळा माझ्याकडे बाईच्या मापाचा होता, मुलीच्या मापाचा नव्हता. ते काम माझी भाची करायची. वय सहा. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण पाय कधी ठरला तर शपथ. बहीण इस्पितळात परिचारिका आहे. तिची ड्यूटी संपेपर्यंत भिंगरी शाळेतून थेट माझ्याकडे यायची. मी तिला स्टुलावर उभी करायचो, अर्धवट फ्रॉक अंगावर चढवायचो आणि टाचण्या लावायला घ्यायचो. की हिची सुरुवात. कुल्ले खाजव, मान वळव, खाली कुत्रं दिसलं म्हणून वाक. टाचणी लागायची भीती मला जास्त, तिला कमी.

मग मी कथा लावली. लहानपणापासून गाऊन सांगितलेल्या कथा ऐकत आलोय. गळा बरा आहे, आणि आपल्यालाही तसं सांगता येतं हा तोरा मनात होताच. एक राजकन्या होती. खिडकीत इतकी स्तब्ध उभी राही, की पाखरं तिला झाड समजून खांद्यावर बसत. काटा रुतला तरी हूं की चूं नाही. म्हणून देवाने तिलाच मुकुट दिला. आणि मध्ये चालीवर दोन ओळी:

हलली ती दासी, बोलली ती दासी,
गप्प राहिली ती राजगादीपाशी.

देवाला मी त्यात का ओढलं, कोण जाणे. पण गुण आला. भिंगरी पुतळ्यासारखी उभी राहू लागली. माझं काम निम्म्या वेळात होऊ लागलं. शेजारचा चांभार म्हणाला, पोरीला काय मंतरलंस. मी हसलो. कथा ऐकणाऱ्याने घरी एक तरी गोष्ट बांधून न्यावी म्हणतात. हिने नेली होती.

शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम ठरला. दुसऱ्यांच्या लेकींचे फ्रॉक वर्षभर अंगावर मिरवणाऱ्या भाचीला पहिल्यांदा तिचा स्वतःचा शिवून दिला. आकाशी रंग, रुपेरी झालर. कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत कमरेची शिवण राहिली होती. घाईत ती मारली, फ्रॉक घडी घालून बहिणीच्या हाती दिला, आणि डबी बंद करताना टाचण्या भरल्या एकोणचाळीस.

मनात पाल चुकचुकली. मी लोहचुंबक घेऊन मशीनखाली फिरवला. दोन तुटक्या सुया आणि एक हूक, बस. शाळा दहा मिनिटांच्या वाटेवर. उठून जाता आलं असतं. पण एका गिऱ्हाइकाला अकराचा वायदा दिला होता. फरशीच्या फटीत गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मशीनवर बसलो.

दुपारी कार्यक्रमाला मात्र गेलो. कुणाची परी रडत होती, कुणाचा राजा चड्डी सावरत होता. भिंगरी मंचाच्या कडेला हात जुळवून उभी. तासभर. बाई माइकवर म्हणाल्या, इतकी शांत मुलगी आम्ही पाहिली नाही. तिच्या डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट ठेवला. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की तळहात लाल झाले.

घरी बहिणीने फ्रॉक काढला. अस्तर डाव्या कुशीला चिकटलं होतं. तिने पाणी लावून सोडवलं. कमरेवर टोचल्याच्या आठ-नऊ खुणा, आणि एक लांब ओरखडा. टाचणी अजून शिवणीत होती.

बहीण आधी मुलीशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "दादा, माझ्या वॉर्डातली पोरं नुसती सुई दिसली तरी वॉर्ड डोक्यावर घेतात. ही तासभर उभी होती."

मग तिने भिंगरीला विचारलं, सांगितलं का नाहीस. भिंगरी मुकुट न काढता म्हणाली, "राजकन्या बोलत नसते. मामाने सांगितलंय."

बहिणीला वाटलं, घाईत नजरचूक झाली. कामाच्या माणसाकडून होतं, असं उलट तीच मला समजावत बसली. आणि मी तिला समजावू दिलं. एकोणचाळीसची गोष्ट जिभेपर्यंत आली, तिथेच बसली. त्या दिवसापासून चोराच्या मनात चांदणं. देवापुढे हात जोडायला बसलो की तोंडात नाव यायच्या आधी आकडा यायचा.

तरी एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्पच राहिलो असतो, हेही खरं. पण आठवड्याने बहीण भिंगरीचे बूट घेऊन दुकानात आली. बूट केव्हाचे लहान झाले होते, टाचांना फोड येऊन फुटले होते, आणि पोरगी रोज तेच घालून शाळेत जात होती. बहीण स्टुलावर बसून म्हणाली, "आता हिला कुठे काय दुखतंय, ते मला रोज शोधावं लागतं. उद्या कुणी काही केलं तरी ही सांगायची नाही."

माझ्या हातातला खडू मोडला. मी तिला सगळं सांगितलं. डबी, चुंबक, अकराचा वायदा, दहा मिनिटांची वाट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. तिला सांग." आणि कामावर निघून गेली.

संध्याकाळी भिंगरीला समोर बसवून नवी कथा लावली. त्याच राजकन्येच्या पायात काटा रुतला, ती इतक्या जोरात ओरडली की सगळी पाखरं उडाली आणि राजा धावत आला. भिंगरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग ती राजकन्या नव्हतीच. दासी होती." आणि माझ्याच चालीवर माझ्याच दोन ओळी गाऊन दाखवल्या. सूर चोख लागला होता.

म्हणून मी स्वतः स्टुलावर चढलो. कुणाचा तरी गुलाबी घेर कमरेला गुंडाळला आणि टाचण्यांची डबी तिच्या हाती दिली. चांभार दारात येऊन हसू लागला, त्याला हसू दिलं. तिसरीच टाचणी मांडीत गेली. मी ओरडलो, आणि ते नाटक नव्हतं.

"मामा, तू दासी आहेस," ती गंभीरपणे म्हणाली.

"आहे. आणि तुला लागलं तेव्हा चूक माझी होती, तुझी परीक्षा नव्हती. टाचणी हरवल्याचं मला ठाऊक होतं. मी आलो नाही."

तिला किती कळलं, देव जाणे. तिने डबी मिटली आणि सवयीने स्टुलावर येऊन उभी राहिली, हात जुळवून, मान सरळ. मी टाचणी उचलली नाही. फक्त टेप घेतला आणि कमरेभोवती आणला. टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी डाव्या कुशीवरच्या खपलीला लागली असावी. तिचा श्वास अडला, ओठ मिटलेलेच.

मी हात तसाच धरून थांबलो. विचारलं नाही, कथा लावली नाही. बाहेर चांभाराचं ठोकणं चालू होतं.

"थोडंसं," ती म्हणाली. मला वाकून ऐकावं लागलं. "थोडंसं टोचतंय."

मी टेप लगेच काढला.

मग तिने विचारलं, "आता मुकुट शाळेला परत द्यायचा?"