बाजारतळावरचा सातवा विषय

करंजखिंड नगरपंचायतीची सभा अकराची असली की बाराला भरायची. आणि भरायची म्हणजे तरी काय, वड्यांचा डबा आला की भरायची. वडे नसरापूरहून यायचे. गावात वडे मिळत नव्हते असं नाही. पण एका गाड्यावरनं घेतले की ते सत्ताधाऱ्यांचे वडे व्हायचे, दुसऱ्या गाड्यावरनं घेतले की विरोधकांचे, आणि दोन्ही वेळेला निम्मे नगरसेवक उपाशी बसायचे. म्हणून नसरापूर. तटस्थ वडे.

त्या दिवशी सुलक्षणा मात्र अकरालाच येऊन बसली होती. ही अपक्ष नगरसेविका. बाजारपेठेत तिची पिठाची गिरणी. थेट गिरणीतनंच उठून आल्यामुळं भुवयांवर नाचणीचं पीठ तसंच होतं. गिरणीवर बसून बसून तिला एक कळलं होतं: गिऱ्हाईक दळणासाठी भांडत नाही, नंबरासाठी भांडतं. माझ्या आधी तिचा डबा का लावला, एवढंच. पीठ जाड आलं का बारीक, ते घरी गेल्यावर बघतं.

विषयपत्रिकेवर विषय भरपूर होते, पण तिचा जीव अडकलेला होता एकट्या सातव्यात. बाजारतळावर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधायचं, त्याची जागा ठरवणे.

गुरुवारी करंजखिंडचा बाजार, आणि सभेचा दिवसही गुरुवारच होता. विंझरकडनं, गुंजवण्याकडनं बायका पहाटेच टेम्पोत बसून यायच्या. तांदूळ, पावटा, अंडी, काय असंल ते घेऊन पोतं अंथरायच्या आणि दिवस मावळेपर्यंत बसायच्या. पुरुषांची सोय होती. पुरुषांना गावातली कुठलीही भिंत आपलीच. बायकांनी काय करायचं, ह्याचं उत्तर कुणाकडं नव्हतं, म्हणून बायकांनी आपलं आपणच काढलं होतं: बाजाराच्या दिवशी पाणीच प्यायचं नाही. सुलक्षणाची मावशी फुलाबाई अशीच गेल्या महिन्यात उन्हात बसल्या जागी आडवी झाली. डॉक्टर म्हणाला, मूतखडा आहे, पाणी प्या. फुलाबाई म्हणाली, "पाणी प्याया न्हाई म्हनतंय कोन? पर मग जाऊ कुठं? तुमच्या दवाखान्यात रांग लावू व्हय?"

निधी आलेला होता. ठेकेदार नेमलेला होता. राहिली होती फक्त जागा. जागा तशी सगळ्यांना माहीत होती, बाजारतळाचा एसटी स्टँडकडचा कोपरा. पण त्या कोपऱ्याच्या एका अंगाला नगराध्यक्ष मानसिंगरावांचं शॉपिंग कॉम्प्लेक्स होतं आणि दुसऱ्या अंगाला विरोधी गटाच्या इंद्रजितदादांचं हॉटेल. मानसिंगराव म्हणायचे, "हॉटेलाकडनं घ्या." इंद्रजितदादा म्हणायचे, "कॉम्प्लेक्सकडनं घ्या." मग ठराव व्हायचा: जागेची पाहणी करून पुढील सभेत निर्णय घ्यावा. पाहणीला समिती जायची, इंद्रजितदादांच्या हॉटेलात मिसळ खायची आणि जागा तिथंच आहे एवढी खात्री करून परत यायची.

ह्या दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं. बायकांची सोय झालीच पाहिजे, पण लांब.

आणि आता पुढं ढकलायला जागा राहिली नव्हती. उद्यापासून निवडणुकीची आचारसंहिता लागणार होती आणि मार्च संपला की निधी परत जाणार होता. मागच्या चार सभांत सुलक्षणा भांडली होती, ओरडली होती, एकदा तर तिनं टेबलावर दळणाचा डबा आपटला होता. आज भांडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

बाराला वडे आले आणि सभा भरली.

सभेचं कामकाज वाचायचा लिपिक नागसेन. माणूस शांत, आवाज खणखणीत. तो विषय वाचायचा, मानसिंगराव "मंजूर?" म्हणायचे, त्यांच्या बाजूचे बाकं वाजवायचे, इंद्रजितदादा "आमचा विरोध नोंदवा" म्हणायचे, की पुढचा विषय. विषयपत्रिका कुणी वाचत नव्हतं, कारण तोवर तिच्यावर वडा ठेवलेला असायचा.

"विषय एक. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे."

"मंजूर!"

"विषय दोन. घंटागाडीचं गाणं बदलणे."

हितं मात्र पाऊण तास गेला. एका नगरसेवकाला त्या गाण्यानं झोपेत दचकायला होत होतं, दुसऱ्याच्या नातवाला ते गाणं वाजल्याशिवाय घास उतरत नव्हता. शेवटी दोन्ही वॉर्डांत वेगळी गाणी लावायचं ठरलं. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त मंजूर झाला, कुत्री तेवढी बाहेर पायरीवर बसून वड्याची वाट बघत होती. डासांच्या फवारणीत आधी धूर कुणाच्या गल्लीत सोडायचा, ह्यावर थोडी शिवीगाळ झाली.

नव्यानं बदलून आलेल्या मुख्याधिकारी शेफाली मॅडम हे सगळं बघत होत्या. त्यांनी सुलक्षणाच्या कानाला लागून विचारलं, "ताई, हे नेहमीच असं चालतं?"

"आज लवकर उरकतंय, मॅडम," सुलक्षणा म्हणाली. "तुमी नवीन हायसा म्हनून लाजत्यात."

सहावा विषय आला आणि सभेला खरा रंग चढला. गावाच्या वेशीवर सेल्फी पॉइंट करणे व त्यास नाव देणे.

करंजखिंडमध्ये आधी नाव ठरायचं, मग काम. मानसिंगरावांचे वडील कैलासवासी आबा आणि इंद्रजितदादांचे आजोबा कैलासवासी तात्या. हयातीत दोघं एका बाकावर बसून तंबाखू मळायचे. मेल्यावर मात्र त्यांच्या पोरानातवंडांनी त्यांना असं काही भिडवलं होतं की विचारू नका. पाण्याच्या टाकीवर आबा चढले तर बसथांब्यावर तात्या बसले. बागेला आबा, तर बागेतल्या घसरगुंडीला तात्या.

"सेल्फी पॉइंटला आबांचं नाव. मंजूर?" मानसिंगराव म्हणाले. बाकं वाजली.

इंद्रजितदादा ताडकन उठले. "हे बहुमताच्या जोरावर चाललंय! तात्यांनी ह्या गावासाठी जमीन दिली!"

"कुठं दिली? सरकारनं काढून घेतली ती!"

"घेतली काय न् दिली काय, गेली न्हवं?"

असा दंगा चाललेला असताना सुलक्षणानं नागसेनकडं बघून हळूच मान हलवली. नागसेननं चष्मा सारखा केला आणि नेहमीसारखंच खणखणीत, एकही शब्द न गिळता, वाचलं: "विषय सात. बाजारतळावर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणेकामी जागा निश्चित करणे."

ऐकलं कुणीच नाही. सुलक्षणा उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, दादा, भांडता कशाला? सहावा आबांना गेला, जाऊ द्या. आता सातवा तात्यांना द्या की. मी मांडते. सातव्या विषयातली जी वास्तू हाय, तिला तात्यांचं नाव द्यावं."

इंद्रजितदादा थांबले. अख्ख्या मुदतीत सुलक्षणानं त्यांच्या बाजूनं पहिल्यांदाच काही मांडलं होतं. "अनुमोदन!" ते ओरडले. विषय काय आहे हे विचारणं म्हणजे तेवढ्यात दुसऱ्याला संधी देणं, हे त्यांना राजकारणानं शिकवलं होतं.

"थांबा, थांबा," मानसिंगराव म्हणाले. "वास्तू हाय कुठं?"

"बाजारतळावर, साहेब. मोक्याच्या जागी. समोर एसटी स्टँड, शेजारनं मेन रोड. नसरापूरकडनं येणारी प्रत्येक गाडी बोर्ड वाचूनच पुढं जाणार."

"आन् कुणासाठी?"

"बायकांसाठी. गुरुवारी तर दिवसभर रांग असंल. येताना घाईत येतील, पर जाताना आशीर्वाद देऊन जातील."

एकही शब्द खोटा नव्हता. मानसिंगरावांच्या डोळ्यांपुढं रांग उभी राहिली आणि रांगेतलं एकेक मत उभं राहिलं. "मग तात्या कसे?" ते म्हणाले. "बाजारतळाशी आबांचा संबंध. आबांचंच नाव!"

"सुलक्षणावहिनींनी तात्यांचं मांडलंय!"

"आमी आबांचं मांडतो!"

शेफाली मॅडमनी समोरचा वडा उचलला, खालची विषयपत्रिका वाचली, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्या काही बोलणार एवढ्यात सुलक्षणानं त्यांच्या ताटलीत आपला वडा ठेवला. "खावा मॅडम. गार व्हतोय. आन् ह्यांच्यात मधी पडू नका, पाया पडते." मॅडमनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, विषयपत्रिकेकडं पाहिलं, आणि मोठा घास घेतला.

"बरं मग जागा कुठली धरायची?" सुलक्षणानं अगदी भोळेपणानं विचारलं. "दादांच्या हॉटेलाला लागून?"

"अर्थात!" इंद्रजितदादा म्हणाले. "तात्यांचं नाव, आमच्याच शेजारी पाहिजे."

"वा रे वा! हॉटेलाआड बोर्ड झाकायला काय?" मानसिंगरावांनी टेबलावर हात मारला. "माझ्या कॉम्प्लेक्ससमोर घ्या! मी स्वतः वर फोकस लावतो. रात्रीचंबी दिसलं पाहिजे."

"मी तोरण लावीन!"

"मी कारंजं लावीन!"

हसू दाबायला सुलक्षणाला जीभ चावावी लागली. जी जागा चार सभांत कुणाला दाराशी नको होती, तिच्यासाठी दोघं आता एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. दोघांचा आवाज बसायला लागला तेव्हा तिनं तोडगा टाकला. "दोघांच्या बरोबर मधी घ्या. एसटी स्टँडकडचा कोपरा. आन् नाव दोघांचं द्या. आबा-तात्या. एका बाकावर बसायची की वो ती मानसं."

दोघांनी जरा गुरगुर केली. पण दुसऱ्याला पूर्ण मिळण्यापेक्षा आपल्याला अर्धं बरं, हा हिशेब दोघांनाही जमत होता.

"एकमतानं मंजूर?" मानसिंगराव म्हणाले.

"एकमतानं!" करंजखिंडच्या इतिहासात इंद्रजितदादांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला. बाकं अशी वाजली की बाहेरची कुत्री उठून उभी राहिली.

आता करंजखिंडची आणखी एक रीत. ठराव कैलासवासी माणसाच्या नावाचा असला, की सगळ्यांनी उभं राहायचं, लिपिकानं ठराव वाचायचा आणि त्यावर दोन मिनिटं मौन पाळायचं. मौनात खोकलासुद्धा काढायचा नाही. मागं एकदा आबांच्या मौनात विरोधी गटातला एक जण शिंकला होता, तर मारामारीची वेळ आली होती.

सगळे उभे राहिले. माना खाली. नागसेननं कागद डोळ्यांपुढं धरला.

"सर्वानुमते ठरले की, बाजारतळ येथील एसटी स्टँडलगतच्या कोपऱ्यात महिलांसाठी संडास व मुतारी असलेले स्वच्छतागृह बांधण्यात यावे, व त्यास कैलासवासी आबा व कैलासवासी तात्या यांचे नाव देण्यात यावे. मौन सुरू."

मानसिंगरावांची मान झटकन वर आली. इंद्रजितदादांचा आ वासला. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. पण बोलायचं कसं? मौन होतं. आपल्याच बाप-आज्याच्या मौनात पोरानातवानंच तोंड उघडायचं? मानसिंगरावांचं कपाळ लाल झालं, मग जांभळं झालं. इंद्रजितदादांनी हातानं 'थांबा' अशी खूण केली, तर नागसेननं आदरानं डोळे मिटून घेतले. मागच्या रांगेत कुणीतरी पोटातल्या पोटात हसायला लागलं आणि हसू दाबायला वडा तोंडात कोंबला. सुलक्षणानं पदर तोंडाला लावला होता. लांबनं बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईला किती गहिवरून आलंय.

"मौन संपलं," नागसेन म्हणाला.

"रद्द!" दोघं एकदमच ओरडले. "ठराव रद्द!"

"असा रद्द नाही होत," शेफाली मॅडम तोंड पुसत म्हणाल्या. "आत्ताच एकमतानं मंजूर झालाय. जागेसकट अख्खा बदलायचा तर वेगळी सभा बोलवावी लागेल, आणि उद्यापासून आचारसंहिता आहे. मला कामाचा आदेश आजच काढावा लागणार."

"अहो मॅडम, माझा बाप हाय तो!" मानसिंगरावांचा आवाज चिरकला. "पाहुण्यारावळ्यांना काय सांगू? आबा कुठं हायत म्हनून विचारलं तर?"

"आन् आमचे तात्या त्यांच्या शेजारी!" इंद्रजितदादा मटकन बसले. "सुलक्षणावहिनी, ही तुमची चाल व्हती."

"चाल कसली, दादा? नागसेनभाऊंनी वाचलं तवा मी ऐकत व्हते, तुमी बोलत व्हता. एवढाच फरक."

दोघं तिच्याकडं हात जोडल्यागत बघायला लागले. गिरणी थांबली, धान्य आत पडलं, आता पट्टा चढवायचा का नाही ते गिरणीवालीच्या हातात, तसं झालं.

"एक मार्ग हाय," ती सावकाश म्हणाली. "नावाचं वाटतंय तर नाव वेगळं काढू. मॅडम, ह्याच सभेत नव्या विषयानं नाव न देण्याचं ठरवता येतं?"

"जागेला हात न लावता, सगळ्यांची संमती असेल तर येईल," मॅडम म्हणाल्या.

"जागेला हात न लावता," सुलक्षणानं दोघांकडं बघत पुन्हा म्हटलं. "कोपरा तोच. काम आजपासून. आन् ह्यावर सही पहिली तुमची दोघांची. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. बोर्ड रंगवायला मी स्वतः पेंटर आणते. मोठ्या अक्षरात."

सही करायला मानसिंगरावांनी पेन मागितलं, तर इंद्रजितदादांनी ते त्यांच्या आधी हिसकावलं. ठराव झाला: सदर वास्तूस कोणाचेही नाव देऊ नये, आज नाही व पुढेही नाही. नागसेननं सांगितलं, आजवरच्या सगळ्या ठरावांत हा सगळ्यात कमी वेळात झालेला.

मॅडमनी आदेशावर सही केली आणि कागद सुलक्षणाच्या समोरूनच बाहेर थांबलेल्या ठेकेदाराकडं धाडला. सुलक्षणा खुर्चीत मागं टेकली. सकाळपासनं पहिल्यांदाच.

मानसिंगरावांनी रुमालानं तोंड पुसलं, गार झालेल्या वड्याचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "आता नाव तर न्हाई. पर काम तर आपणच करतोय न्हवं? पायाखोदाईचा नारळ अध्यक्ष म्हनून मीच फोडणार."

"तुमी?" इंद्रजितदादांच्या अंगात पुन्हा जीव आला. "जागा आमच्या हॉटेलाकडनं अर्धा हात जास्त हाय! नारळ माझा!"

"फोटोत मधी कोन उभं ऱ्हानार ते आधी ठरवा!" मागनं कुणीतरी ओरडलं.

बाकं वाजायला लागली. सुलक्षणानं उठून सज्ज्यातनं खाली पाहिलं. बाजारतळाच्या कोपऱ्यात ठेकेदाराचा गवंडी वाकून पांढऱ्या फक्कीनं पायाची रेघ ओढत होता, आणि कमरेवर हात ठेवून फुलाबाई त्याला सांगत होती, "अजून जरा रुंद घे रं बाबा. आमी बाया हाय, बाहुल्या न्हाई."