मेकॅनिक फक्त माझ्यासाठी आला

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. नाहीतर माणसांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

आठ वर्षांपूर्वी मी या घरात आले, तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! त्याच वर्षी घरात मुलगी जन्मली. तिला सगळे चिमी म्हणतात. तीन वर्षांची झाली तरी ती बोलेना, हाक मारली तर बघेना. डॉक्टर म्हणाले, ती स्वमग्न आहे. पण माझ्या गोल काचेसमोर बसली की चिमी शांत व्हायची, ड्रम जोरात फिरला की टाळ्या पिटायची. पोरीशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते बाकीच्यांशी. चिमीची आत्या दर रविवारी यायची, चहा ढोसायची आणि चिमीच्या आईला अक्कल शिकवायची. "अगं, तूच मोबाईल हातात दिलास, म्हणून झालं हे." साफ खोटं! शेजारीण म्हणायची, "तुम्ही फार खंबीर आहात हो!" एकदा खंबीर म्हटलं की मदत करायला नको.

चिमीसाठी आई मला दिवसातून दोनदा चालवायची. मग चारदा, मग आठदा. धुतलेलेच टॉवेल पुन्हा आत. चिमी उठून गेली तरी आई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहायची. केस विंचरलेले नाहीत, ताटातलं जेवण तसंच. एकदा काचेला कपाळ टेकून म्हणाली, "मला आता उठावंसंच वाटत नाही गं." मशीनला सांगायची वेळ आली तिच्यावर! नवरा दारातून डोकवायचा, "वा, आज पण धुणं काढलंस!" म्हणायचा आणि चालू लागायचा. डोळे होते की बटणं?

शेवटी माझं बेअरिंग झिजलं. खडखड करत मी बंद पडले आणि चिमीनं आकांत मांडला. नवऱ्यानं लगेच फोन लावला. "आजच्या आज माणूस पाठवा. तिच्यावाचून आमचं पान हलत नाही!"

मेकॅनिक तासाभरात आला. मला उघडून म्हणाला, "दादा, फार राबवलंय हिला. कधीची खडखडत असणार. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

आई स्टुलावरूनच म्हणाली, "माझ्यासाठी कधी केलास रे असा फोन?"

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यानं चिमीच्या डॉक्टरांना फोन लावला. "चिमीबद्दल नाही, तिच्या आईबद्दल विचारायचंय," म्हणाला. आठ वर्षं लागली शहाण्याला!

आता दर मंगळवारी आई स्वतःच्या डॉक्टरांकडे जाते. माझं बेअरिंग नवं आहे. नवरा चिमीशेजारी बसून चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतो. आत्यानं विचारलं, "हिला काय धाड भरलीय?" तो म्हणाला, "ताई, पुढच्या मंगळवारी चिमीजवळ तू बस." त्यानंतर आत्या फिरकलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, अशा घरी गेलात तर पोरीकडे बघून च्च च्च करू नका. आईला विचारा, "तू कशी आहेस?" आणि ती बोलेपर्यंत बसा. तेवढं जमत नसेल तर जाऊच नका. तुमचे चहाचे कप विसळायला तिला वेळ नाही.