घरजावई मासे

माझा आतेभाऊ लुफेयो पाण्याखाली जितका हुशार, पाण्याबाहेर तितकाच ढ. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते. आमच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, आणि चिडला तो हरला.

हा आमच्या गावचा जावई. जावयाने बायकोच्या अंगणात घर बांधायचं, आणि तिने चटई दाराबाहेर टाकली की ती काखोटीला मारून मुकाट आईकडे परतायचं. लुफेयोची बायको फालेसी, तिचा भाऊ योसामु चिवांगाच्या खडकापाशी बुडाला. सरोवराने त्याला परत दिलंच नाही. तेव्हापासून ती पाण्यावर येईनाशी झाली, भांडीसुद्धा हातपंपावर घासायची. नवऱ्याला तिने बजावलं होतं, "चिवांगाला एकदा जरी बुडी मारलीत, तर चटई बाहेर."

आता आमच्या सरोवराची खोड अशी, की इथले रंगीत खडकमासे आपला खडक सोडत नाहीत. मधल्या खोल पाण्यात निघाला, तो गेला मोठ्या माशाच्या पोटात. म्हणून सगळी एकाच पणजीची पिलावळ असूनही खडकागणिक जात निराळी झाली. जिथे फटीत किडे, तिथे लांब तोंडाचे जगले. जिथे शेवाळ, तिथे खरवडणाऱ्या दातांचे. माद्याही नखरेल, आपल्या रंगाचा नवरा नसेल तर ढुंकून बघत नाहीत. फालेसीने एवढं बघितलं असतं, तर लुफेयो अजून आईकडेच असता! पिवळ्या कपाळाचे मासे फक्त चिवांगाचे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि हा दिवटा, शोभेचे मासे घेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी तिथेच बुडी मारून बारा पिवळकपाळे घेऊन आला. व्यापारी फिरकलाच नाही. बादली घेऊन स्वारी माझ्या दारात.

"लिझनेती, काय करू गं?"

"तळून खा."

"आणि तिला वास आला तर?"

शेवटी गावच्या खडकाशी, बायका भांडी घासतात तिथेच सोडले त्याने. म्हणाला, "परक्या पाण्यात मरतील. कटकट मिटली."

"तू आलास तेव्हा मेलास का?" मी म्हटलं.

शेवाळावर इथल्या माशांची मालकी. पाहुण्यांतले लाजाळू उपाशी मेले. धीट होते ते भांड्यांपाशी येऊन न्सिमाची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, खरपुडी पळवू लागले. धीटांना धीट पोरं झाली. तीन पावसाळ्यांत बायकांच्या हातातून खाणारी फौजच उभी राहिली. मी त्यांचं नाव ठेवलं 'घरजावई'. गावभर हसू, फक्त फालेसीच्या कानावर कुणी घातलं नाही, आणि लुफेयो रोज मला हात जोडायचा.

मग हातपंप बिघडला.

फालेसी भांडं घेऊन पाण्यावर आली. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून तिने भांडं बुडवलं, तोच दहा-बारा पिवळी कपाळं आत शिरली. ती बघतच राहिली. मग भांडं तसंच उचलून घराकडे चालू लागली. मी धावत मागे.

मी पोचले तोवर चटई बाहेर पडली होती. लुफेयो आंब्याखाली उभा, चेहरा उतरलेला.

"एकदाच गेलो होतो," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. पुन्हा नाही."

"मग बोलला का नाहीत?" फालेसीने दारातून विचारलं.

"याचीच भीती वाटली." त्याने चटईकडे बोट दाखवलं.

देवा शप्पथ, त्या दिवशी मला एकही टोमणा सुचला नाही. माझ्याच चेष्टेने गावभर बोभाटा झाला होता. लुफेयोने चटई गुंडाळली, काखोटीला मारली आणि तो निघाला. कुंपणापाशी पोचला तेव्हा फालेसीने हाक मारली.

"तिथे खाली कसं आहे हो?"

तो वळला. "स्वच्छ आहे. पार तळापर्यंत ऊन जातं. आणि हे मासे, ढिगाने."

फालेसी उंबऱ्यावर बसून रडली, अगदी मोठ्याने. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि भांड्याच्या तळाची खरपुडी नखाने सोडवून आतल्या माशांना घालू लागली.

"योसामु गेल्यापासून त्याच्याकडून कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली. "चटई आत ठेवा. आणि उद्यापासून भांडी तुम्ही घासायची, पाण्यावर जाऊन. माझ्या भावाकडचे पाहुणे उपाशी राहता कामा नयेत."