पडद्यावरचं गवत

“आत्या, तुझी नळी अजून खरखरते, मग पगार कशाचा घेतेस?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून शाळेच्या सहलीत, आत्याच्याच प्रयोगशाळेत, मी सगळ्यांदेखत विचारलं. मी बाबांच्या दुकानासाठी कॉमर्सच घेणार होते, मला कसली भीती?

रडारचा क्षीण सिग्नल वाढवणारी एक नळी असते; तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारी इलेक्ट्रॉन गन आत्या बनवते. “ये, शहाणे. इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड फार तापला की खरखर वाढते. त्याचा हीटर तूच कमी कर.”

मी बटण फिरवलं. पडद्यावरची गवतासारखी खरखर खाली बसली. हावरटासारखं आणखी फिरवलं, तर सिग्नलच गेला. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

“आता मधली जागा शोध,” आत्या म्हणाली. ती सापडायच्या आत बस आली.

घरी जेवताना बोटं वाटीच त्या बटणासारखी फिरवत होती, मधली जागा शोधत. शेवटी म्हटलं, “आई, बाबा, दुकान दादा सांभाळेल. मी सायन्स घेणार.”