शिक्का जाईपर्यंत

नळानं आधी खाकरल्यासारखा आवाज केला, मग दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. घर किती शांत आहे, ते मला तेव्हा कळलं.

कोरोनाच्या दिवसांत मस्कतहून परतल्यावर सात दिवस आम्ही मायलेकी हॉटेलात बंद होतो. निघताना दोघींच्या डाव्या हातावर जांभळा शिक्का मारला: आणखी सात दिवस घरातच राहा. घर म्हणजे मनीषनगरातला हा भाड्याचा फ्लॅट. माझा नवरा धम्मानंद, अजून तिकडेच अडकलेला, त्यानं फोटो बघून ठरवलेला. फोटोत बाल्कनी होती, बाल्कनीत मोगरा होता. ती शेजारच्यांची निघाली. आमच्या वाट्याला एकच खिडकी, आणि तिच्यात घरमालकाचा जुना कूलर ठासून बसवलेला.

तरी दुपारी कूलर लावला, की ओल्या जाळ्यांतून गाळून आलेला उजेड भिंतीवर हलत राहायचा. डोळे मिटले की कधी हॉटेल, कधी मस्कतचा समुद्र.

"आई, आपण तलावात राहून राहिलो का?" पिंकी विचारायची.

"हो. मासोळ्या आहोत आपण."

शेजारच्या सुमतीताई पहिल्याच दिवशी जाळीच्या दारामागून बोलल्या. "किती वाळली वं पोरगी! तिकडं काही खाऊ घालत नव्हते काय?" मग जरा थांबून, "आडनाव काय म्हणाल्या?"

"गजभिये."

"अच्छा, अच्छा."

नागपुरात एवढं पुरतं. धम्मानंदच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रोज सकाळी त्या आमच्यासाठी दुधाची पिशवी आणायच्या, बाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या आणि चार पावलं मागं सरून हाक मारायच्या. त्या दिवसांत सगळेच सगळ्यांपासून लांब उभे राहायचे. किती सोय होती त्यात! मला एवढंच हवं होतं, की हे लांब राहणं आजाराचंच निघावं. निदान पिंकीसाठी.

पिंकी पाच वर्षांची, त्यांची नूपुर सहाची. दोघी आपापल्या जाळीच्या दाराशी बसून भातुकली मांडायच्या. मध्ये जिन्याची मोकळी जागा. पिंकी इकडे वाढायची, नूपुर तिकडे जेवायची.

"शिक्का गेला की मी तुह्या घरी येईन."

"ये. माही आई म्हणते, शिक्का गेल्यावर पाहू."

त्या दिवसापासून पिंकी मनगटाला खोबरेल तेल चोळत बसायची.

"काय करून राहिली वं?" नूपुर तिकडून विचारायची.

"शिक्क्याले झोप येऊन राहिली. हळू बोल."

सात दिवस सरले. शिक्का पुसट झाला, ढगासारखा पसरला, मग फक्त आम्हा दोघींनाच दिसेल इतका उरला. दहाव्या दिवशी तोही नव्हता. मी तिला पिवळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या. ती चार पावलं चालून गेली. मी आमच्या दारात उभी.

"काकू, पाहा! गेला!"

सुमतीताईंनी दार अर्धंच उघडलं. "अरे वा! गेला काय! थांब बेटा, तिथंच थांब हं." आत जाऊन कागदी प्लेटमध्ये दोन लाडू घेऊन आल्या आणि प्लेट स्टुलावर ठेवली. "घरी जाऊन खा. नूपुर अभ्यास करून राहिली."

आतून दोन मुलींचं हसू आलं. अर्ध्या दारातून मला दिसलं: वरच्या मजल्यावरची श्वेता, परवाच बंगळुरूहून विमानानं आलेली, नूपुरच्या ताटलीतला लाडू खात होती. तिच्या डाव्या हातावरचा शिक्का ताजा, गडद जांभळा होता.

मी पाहिलं, हे सुमतीताईंनी पाहिलं. "सांभाळून राहा बापा अजून थोडे दिवस," म्हणाल्या आणि दार हळूच लावलं. बाई वाईट नव्हती. उद्याही दूध आणणार होती.

पिंकीनं लाडू खाल्ले नाहीत. कूलरसमोर त्या हलत्या उजेडात बसली आणि मनगट उलटसुलट करून पाहत राहिली. मी मागं बसून तिच्या वेण्या सोडू लागले.

"आई, श्वेताचा शिक्का तर अजून आहे ना?"

"हो."

"मंग ते आत काहून गेली?"