स्वच्छ अहवालानंतर आलो तो मी

कशावर भरवसा ठेवाल तुम्ही, जपून ठेवलेल्या जुन्या अहवालावर की आज काढलेल्या रक्तावर? सावकाश सांगा, घाई नाही. मी बोलतोय तो एका कापड दुकानदाराच्या रक्तातला बिघाड. बिघडलेल्या पेशींना आवर घालणारं एक जनुक असतं. त्यात एक चूक झाली आणि मी जन्मलो. दुकानदाराच्या अंगात वाढलो, म्हणून बोलण्याची ढबही त्याचीच.

रक्ताचा कर्करोग त्याला माझ्या आधीपासून होता, पण सुस्त. पहिल्या चाचणीत जनुकं स्वच्छ निघाली. गडी खूश! अहवाल प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्यामागे लावला. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायचा, "रक्तसुद्धा तपासून घेतलंय माझं, कापडात काय खोट असणार?"

तेव्हा मी नव्हतोच. काही वर्षांनी आलो, एकाच पेशीत, गुपचूप.

मग त्याच्या मानेला गाठी आल्या, धाप लागू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, औषध सुरू करण्याआधी जनुकांची चाचणी पुन्हा करू."

"पुन्हा? अहो, कापड अस्सल आहे का ते कळायला ठाणाचा धागा एकदा जाळून बघितला की झालं. रोज उठून कोण जाळतं?"

"ठाण विणून संपलेलं असतं, काका. रक्त रोज विणलं जातं."

"मग त्या विणकराला जरा दम द्या!" तो खदखदून हसला आणि सोबत आलेल्या लेकीकडे वळला. "सांग गं यांना."

तिला वाटलं, किती दिवसांनी बाबा हसले. ती म्हणाली, "राहू द्या ना डॉक्टर. कशाला पुन्हा टोचायचं त्यांना?"

बाईंनी परोपरीनं विनवलं. शेवटी नेहमीचं औषध लिहिलं.

त्या औषधानं बाकीच्या रोगट पेशी मेल्या. माझ्यावर मात्र त्याची मात्रा चालेना. शेजार रिकामा झाला, मी हातपाय पसरले. गाठी परत आल्या, तेव्हा कुठे चाचणी झाली आणि मी सापडलो. माझ्यावर चालणाऱ्या गोळ्याही निघाल्यात, त्या दिल्या. पण तोवर फुप्फुसात जंतूंनी ठाण मांडलं होतं आणि झुंजायला अंगात काही उरलं नव्हतं.

आता तो खाटेवर पडून असतो. लेक पाय चेपते.

"बाबा, मी तेव्हा नको म्हणायला नको होतं."

"गप गं वेडे. सौदा माझा होता."

तिला ते पटत नाही. तो गेला की मीही जाईन. तिच्या बाजूनं बोलायला कोणी उरणार नाही. म्हणून हे तुमच्या कानावर घातलं. उद्या हिशेब मांडायला बसाल तर खरा मांडा. चाचणी टळली, हे लिहा. मी माजलो, हेही लिहा. पण बापाला हसताना बघून लेक क्षणभर भुलली, ते तिच्या नावावर मांडू नका.