राबातला बांबू

भात पेरण्याआधी रोपांच्या वाफ्यावर रचलेला पालापेंढ्याचा राब घरातल्या कर्त्या पुरुषानेच पेटवायचा, हा धोंडीबाईच्या घरचा रिवाज होता. मात्र गेली दोन वर्षे टोकावड्याजवळच्या त्या शेतात काडी ओढत होता तो तिचा पुतण्या भगीरथ. ही गोष्ट म्हातारीला सलत होती.

तिचा मुलगा लडकू दगडखाणीत सुरुंग लावीत असे. न उडालेला एक सुरुंग पाहायला त्याचा जोडीदार गोमा वाकला आणि लडकूच्या डोळ्यांदेखत सुरुंग फुटून जागीच गेला. लडकूला साधे खरचटलेही नाही. पण तेव्हापासून भांडे पडले तरी तो भिंतीला पाठ लावून उभा राही.

सून चंदा त्याला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेली. डोक्याला तारा चिकटवून डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला.

“डोळे मिटले की मेंदूच्या लाटा संथ व्हायला हव्यात,” त्यांनी सांगितले. “यांच्या होत नाहीत. भीती उठवणारा भाग आणि तिला आवरणारा भाग, दोघांचं बोलणंच नीट होत नाही.”

धोंडीबाईने तो कागद उलटसुलट करून पाहिला. “रेघोट्या वाचून कोन शेती करतो गो? त्याला म्होरं घाला, आपोआप येल सगला.”

“आई, यंदा नको,” चंदा म्हणाली.

“लडक्या, काडी घे. गाव बघतोय,” राबाच्या दिवशी धोंडीबाईने शेतावर फर्मावले.

लडकूने आईचा शब्द कधी मोडला नव्हता. त्याने काडी ओढली. शेण, टहाळ, पेंढा यांखाली म्हातारीने जुन्या कुंपणाचे बांबूही घातले होते. आग पोहोचताच पहिले पेर फाडकन फुटले.

“गोम्या, खाली!”

त्याने आईला बांधावर आडवी केली आणि अंगाने झाकली. तिचे मनगट मोडले.

“आरं सोड, मी तुझी आय हाय!”

त्याला ऐकू येत नव्हते. एकेक पेर फुटत होते आणि त्याचे काळीज तिच्या पाठीवर आदळत होते. मान वळवून तिने पाहिले. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते, पण चेहऱ्यावर विसावा नव्हता. राब विझेपर्यंत भगीरथ आणि चंदा मिळूनही त्याला सोडवू शकले नाहीत.

पुढच्या वर्षी धोंडीबाई वाकड्या मनगटाने कोयता धरून राबाचा बांबू न् बांबू उभा चिरत बसली.

“काकी, राखच व्हायची ना? मग चिरतेस कशाला?” भगीरथने विचारले.

“चिरलेला वाजत नाय.”

तिने घराकडे पाहिले. लडकू भिंतीला पाठ लावून उभा होता. तिने त्याला हाक मारली नाही. काडीपेटी तिने आपल्या हाताने भगीरथला दिली.